मदत हवी आहे: बहिणीची कंबरदुखी कोणी मनावरच घेत नाही

धाकटी बहीण २६ वर्षांची, साताऱ्याला असते. दीडेक वर्ष कंबर दुखतेय. पहाटे दुखण्यानेच जाग येते, उठल्यावर बराच वेळ पाठ लाकडासारखी. चालायला लागली की मोकळं होतं, आडवं पडून राहिलं की उलट वाढतं. हे सांगायला सुरुवात केली की डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लिहून झालेलं असतं. एक्सरे नॉर्मल, सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) नॉर्मल, म्हणून 'टेन्शन घेऊ नका'. एकांनी आईला सांगितलं, लग्न करून टाका, सगळं थांबेल. (आईला ते पटलंय, ही वेगळीच डोकेदुखी!)

मला शंका आहे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची (पाठीच्या कण्याच्या सांध्यांना सूज येणारा आजार). त्यात सुरुवातीची काही वर्षं एक्सरेत काही दिसेलच असं नाही, एमआरआयमध्ये सांध्याची सूज आधी दिसू शकते. एचएलए-बी२७ (या आजारासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं ठरत नाही. तिला तेच आहे असा माझा हट्ट नाही. पण तपासून 'नाही' म्हणा ना.

आता पुण्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (सांध्यांच्या आजारांचे डॉक्टर) नेतोय. या चक्रातून गेलेल्यांनी सांगा, पाच मिनिटांत नेमकं काय आधी बोलावं? दुखण्याच्या वेळा लिहिलेला कागद दाखवला तर चिडतात का? पेनकिलर घेतली की तिचा दिवस बरा जातो, हे सांगावं की 'मग बरंच आहे की' म्हणून परत पाठवतील? आणि गेल्या वर्षी एक डोळा लाल होऊन खूप दुखला होता, डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते. तो कागद सापडत नाहीये, तरी तोंडी सांगावं ना?