मदत हवी आहे: पीआरआयची फेलओव्हर पेटी. लाईन दुसऱ्या सर्व्हरवर जाते, पण चॅनेल अडकून राहतात

करवीरकर

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाचं टेलिफोन आणि नेटवर्क मी बघतो. बाहेरून एकच पीआरआय (टेलिफोन कंपनीची डिजिटल लाईन) येते, ई-वनवर, म्हणजे एकाच केबलवर ३० चॅनेल (एका वेळी ३० कॉल), आणि सोबत शंभर थेट नंबर. कॅज्युअल्टी, रक्तपेढी, ॲम्ब्युलन्स सगळं तिच्यावरच. गेल्या उन्हाळ्यात वळवाच्या गडगडाटात सर्व्हरमधलं ई-वन कार्ड गेलं आणि नवीन येईपर्यंत कॅज्युअल्टीचा नंबर एका सिस्टरांच्या मोबाईलवर वळवून दिवस काढले. त्यानंतर दुसऱ्या सर्व्हरसाठी पैसे सुटले.

आता मांडणी अशी आहे. कंपनीच्या फायबर मक्समधून (फायबरवरून लाईन वेगळी काढणारं यंत्र) ई-वन आरजे-४५ वर बाहेर येतो, तो फेलओव्हर पेटीत जातो, म्हणजे एक सर्व्हर पडला की लाईन दुसऱ्याकडे वळवणाऱ्या पेटीत. पेटीत रिले (विजेवर फिरणारे स्विच) आहेत. तिथून एक केबल सर्व्हर 'अ'ला, एक 'ब'ला. दोन्हीकडे ॲस्टरिस्क (टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर), सारखीच कार्डं. कीपअलाइव्हड (मुख्य सर्व्हर, म्हणजे मास्टर, कोण ते ठरवणारा प्रोग्रॅम) दोन्हीकडे चालतं. 'अ' गप्प झाला की 'ब' मास्टर होतो आणि स्क्रिप्ट नेटवर्कवरून पेटीला रिले फिरवायला सांगते. शिवाय पेटीचा स्वतःचा वॉचडॉगही (सर्व्हर गप्प झाला की आपणहून रिले फिरवणारी सोय) चालू आहे.

अडचणी तीन.

पहिली आणि मोठी: चाचणीसाठी 'अ'ची वीज काढली. तीन-चार सेकंदांत रिले टकटकला, 'ब'वरचा लाल दिवा हिरवा झाला, पीआरआय शो स्पॅन १ मध्ये 'अप, ॲक्टिव्ह' दिसलं. इथवर आनंद. पण बाहेर कॉल लावला की पहिले काही कॉल कॉज ४४ (कॉल का पडला ते सांगणारा कोड) देऊन पडतात. येणारे काही लागतात, काहींना एंगेज ऐकू येतं. थोड्या वेळाने बहुतेक चॅनेल आपोआप सुटतात, पण एखाद-दुसरं तसंच अडकून राहतं. कंपनीला फोन केला तर 'आमच्याकडून लाईन क्लिअर आहे' एवढंच.

दुसरी: 'अ' परत चालू झाला की लाईन न विचारता त्याच्याकडे उडी मारते आणि 'ब'वर चाललेले सगळे कॉल कापले जातात. ओपीडीच्या वेळेत असं झालं तर लोक मला शोधत सर्व्हर रूममध्ये येतील.

तिसरी किरकोळ: जो सर्व्हर राखीव आहे तो सतत रेड अलार्म दाखवतो आणि मॉनिटरिंगचे मेसेज रात्रभर येत राहतात.

सिस्टिम.कॉन्फमधली ओळ दोन्हीकडे एकच: स्पॅन = १,१,०,सीसीएस,एचडीबी३,सीआरसी४. बी चॅनेल (बोलण्याची) १-१५ आणि १७-३१, डी चॅनेल (कॉल लावण्या-तोडण्याचे संदेश नेणारं) १६. सिग्नलिंग पीआरआय-सीपीई, स्विचटाईप युरोआयएसडीएन. बाहेरचे कॉल जी० ग्रुपमधून जातात.

कुणी असं काही चालवलं असेल तर सांगा.

सिप_सिप_हुर्रे

२०२० नंतर पीआरआय कोण वापरतं भाऊ? सिप ट्रंक (आयपी नेटवर्कवरून येणारी टेलिफोन लाईन) घ्या, दोन सर्व्हरना दोन आयपी, विषय संपला.

करवीरकर

घेणारच आहे, पण शंभर नंबर गावभर पाट्यांवर, रुग्णांच्या फाईलींवर आणि रिक्षांच्या पाठीवर आहेत. ते जसेच्या तसे सिपवर आणायचा कागद फिरतोय. तो फिरून येईपर्यंत ही लाईन जिवंत ठेवायची आहे.

तांब्याची_तार

आधी लेअर १, म्हणजे तार आणि सिग्नल, बाजूला काढू. स्पॅनच्या ओळीतला दुसरा आकडा १ आहे, म्हणजे घड्याळ कंपनीकडून घेताय, बरोबर. तिथे चुकून ० असतं तर कार्ड स्वतःच्या घड्याळावर चाललं असतं, स्लिप (घड्याळं न जुळल्याच्या चुका) आल्या असत्या आणि डी चॅनेलवर एचडीएलसी अबॉर्टचा (तुटक्या संदेशांचा) पाऊस पडला असता. लॉगमध्ये तसं काही दिसतं का? आणि सीआरसी४ (लाईनवरच्या चुका ओळखणारी तपासणी) कंपनीकडेही चालू आहे ना?

करवीरकर

अबॉर्ट एकही नाही. सीआरसी४ दोन्ही टोकांना चालू आहे, कंपनीच्या माणसाकडून खात्री केली.

नवखा_नेटवर्कवाला

मध्येच विचारतो, रागवू नका. पेटी कशाला? साधी वाय केबल करून दोन्ही कार्डांना एकच लाईन दिली, आणि एक ॲस्टरिस्क बंद ठेवला तर?

तांब्याची_तार

ॲस्टरिस्क बंद असला तरी कार्डाचा ड्रायव्हर लाईनवर आपला सिग्नल पाठवतच असतो. दोन ट्रान्समीटर एकाच जोडीवर आले की कचरा. शिवाय १२० ओहमची दोन टर्मिनेशन समांतर झाली की लाईनला ६० ओहम दिसतात. काही कार्डांच्या लाईन चिपला हाय-इम्पीडन्स अवस्था असते, त्यात हा खेळ जमतो. पण ड्रायव्हर ती अवस्था वापरू देत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

जुना_खांब

करवीरकर, मी निवृत्त आहे. ओसीबी-२८३ आणि ईडब्ल्यूएसडी अशा एक्स्चेंजवर बरीच वर्षं काढली. तुमची पेटी ठीक आहे आणि कार्डंही ठीक आहेत. तुम्ही सगळं आपल्या बाजूने बघताय, जरा एक्स्चेंजच्या खुर्चीत बसून बघा.

रिले फिरला, ई-वन क्षणभर तुटला आणि परत आला. 'ब'ने टाइमस्लॉट १६ वर (डी चॅनेलवर) सॅबमी (जोडणीची विनंती) पाठवला, एक्स्चेंजने यूए (होकार) दिला, लेअर २ (संदेशांची लिंक) उभा राहिला. एक्स्चेंजच्या दृष्टीने समोरचा पीबीएक्स (रुग्णालयाचं आतलं एक्स्चेंज) तोच आहे, त्याने फक्त लिंक पुन्हा बांधली. आणि क्यू.९३१ (कॉल लावण्या-तोडण्याच्या संदेशांचं मानक) चा नियम असा की लिंक पुन्हा बांधली गेली म्हणून चालू कॉल तोडायचे नाहीत. लिंक पूर्ण पडली तरी टी३०९ नावाचा टायमर संपेपर्यंत थांबायचं, आणि तो ९० सेकंदांपर्यंत असू शकतो. नियम चांगल्या हेतूने केलाय: लाईन जरा हलली म्हणून तीस माणसांचं बोलणं कापलं जाऊ नये.

पण तुमच्याकडे 'अ' मेलाय. ते कॉल त्याच्या मेमरीत होते, 'ब'ला त्यांचा गंधही नाही. घरमालकाला न सांगता भाडेकरू बदलला की जुन्याच्या नावाची पत्रं येत राहतात, तसं चाललंय. 'ब' समजतो तीसही चॅनेल मोकळी, म्हणून चॅनेल १ मागतो. एक्स्चेंज म्हणतं तिथे कॉल चालू आहे, घे कॉज ४४, मागितलेलं चॅनेल उपलब्ध नाही.

मग आपोआप सुटतात कशी? बाहेरच्या माणसाला शांतता ऐकू येते, तो वैतागून फोन ठेवतो. एक्स्चेंज 'ब'कडे डिस्कनेक्ट पाठवतं, 'ब' उत्तर देतो की असा कॉल रेफरन्स माझ्याकडे नाही (कॉज ८१), आणि चॅनेल सुटतं. जिथे पलीकडे माणूसच नाही, म्हणजे तुमच्याकडून कुणी विमा कंपनीच्या रेकॉर्डेड मेन्यूवर ताटकळत होतं, तिथे फोन ठेवणार कोण? तेच तुमचं अडकलेलं एखाद-दुसरं चॅनेल.

म्हणजे गंमत अशी की तुम्ही जितक्या चपळाईने लाईन फिरवाल तितके जुने कॉल एक्स्चेंजवर शिल्लक राहतील. दोन-अडीच मिनिटं लाईन तुटलेली ठेवली असती तर टी३०९ संपून एक्स्चेंजने स्वतःच सगळं झाडून टाकलं असतं. रुग्णालयाला तो सल्ला मी देणार नाही. वेग तसाच ठेवा आणि झाडू आपल्या हातात घ्या: क्यू.९३१ मध्ये रिस्टार्ट नावाचा संदेश त्यासाठीच आहे. ज्या चॅनेलसाठी तो पाठवाल ते एक्स्चेंज मोकळं करून रिस्टार्ट ॲक्नॉलेज देतं. ॲस्टरिस्कमध्ये तो कुठे चालू करायचा ते इथल्या तरुणांनी सांगावं.

रेवा

काका, हे इतकं सरळ कुणी समजावलं नव्हतं. पुढचं मी सांगते.

ॲस्टरिस्कच्या चॅन_डाहडी.कॉन्फ फाईलमध्ये 'रिसेटइंटरव्हल' नावाची सेटिंग आहे. काही लिहिलं नसेल तर ती 'नेव्हर' धरली जाते, म्हणजे रिस्टार्ट कधीच जात नाही. तिथे ३६०० लिहिलं तर दर तासाला रिकाम्या चॅनेलवर रिस्टार्ट जातो, आणि तुमच्या कामाचा भाग असा की डी चॅनेल वर आलं की सुमारे पाच सेकंदांत पहिली फेरी सुरू होते. नेमकी तीच वेळ तुम्हाला हवी आहे. 'अ' आणि 'ब' दोन्हीकडे लिहा. आधी कंपनीला विचारा मात्र, कारण काही एक्स्चेंज रिस्टार्टला नीट उत्तर देत नाहीत आणि तिथे औषधच अंगावर येतं. पीआरआय डीबग चालू करून प्रत्येक चॅनेलची पोच येते का ते डोळ्यांनी बघा.

त्याच वेळी ग्रुप छोट्या जी० ऐवजी मोठ्या जीने डायल करा. छोटा जी मोकळं चॅनेल खालून वर शोधतो, मोठा वरून खाली. एक्स्चेंज येणारे कॉल खालून भरत असेल तर तुम्ही वरून उतरा, म्हणजे पहिली काही मिनिटं टक्कर कमी होते. एरवीही हेच चांगलं.

लाईनची उडी: कीपअलाइव्हडमध्ये एकाची स्टेट मास्टर आणि दुसऱ्याची बॅकअप लिहिली असणार. दोन्हीकडे बॅकअप लिहा आणि 'नोप्रीएम्प्ट' (परत आलेल्याने मास्टरपद हिसकावू नये) घाला. स्टेट मास्टर ठेवून नुसतं नोप्रीएम्प्ट घातलं तर ते चालत नाही, इथे बरेच जण अडकतात. एसडीएचच्या (कंपन्यांच्या मोठ्या फायबर जाळ्यांच्या) जगात परत फिरण्याआधी ५ ते १२ मिनिटं थांबायची पद्धत आहे, पण तिथे चालू सर्किट कापली जात नाहीत. तुमच्याकडे कापली जातात, म्हणून परत फिरवणं हातानेच आणि रात्रीच करा. आणि पेटीचा वॉचडॉग बंद करा. एका पेटीला दोन मालक नकोत. स्क्रिप्ट एक सांगते आणि वॉचडॉग दुसरं, मग भांडण सोडवायला तुम्ही.

दोन्ही सर्व्हरमध्ये एक थेट केबल टाकून व्हीआरआरपी (कीपअलाइव्हडचे 'मी जिवंत आहे' हे संदेश) त्यावरून चालवा. आज ते मधल्या लॅन स्विचवरून जात असेल, तर तो स्विच रिस्टार्ट झाला की दोघेही स्वतःला मास्टर समजतील आणि पेटी शेवटी बोलणाऱ्याचं ऐकेल.

चेक स्क्रिप्टमध्ये ॲस्टरिस्क उत्तर देतो का एवढंच बघा, नुसता पिंग नको. सर्व्हर पिंगला हसतमुखाने उत्तर देतो आणि ॲस्टरिस्क आत गोठलेला असतो. पण पीआरआयचा अलार्म त्या चेकमध्ये मुळीच घालू नका: उद्या कंपनीचं फायबर तुटलं तर 'अ'वर लाल, म्हणून लाईन 'ब'ला, तिथेही लाल, म्हणून परत 'अ'ला. रिले झिजेपर्यंत. राखीव सर्व्हरचा रेड अलार्म स्वाभाविकच आहे, त्याच्या पोर्टला लाईन जोडलेलीच नाही. मॉनिटरिंगमध्ये 'मास्टर असेल तरच कळव' अशी अट टाका, तिसरी अडचण तिथेच मिटते.

तांब्याची_तार

ताईंनी जवळजवळ सगळं सांगितलं. एक राहिलं. पेटीची वीज गेली की तिचे रिले कुठे पडतात? आणि पेटी कुठल्या यूपीएसवर आहे?

करवीरकर

पुस्तिकेत लिहिलंय की वीज नसताना लाईन पोर्ट १ ला जोडलेली राहते. पोर्ट १ ला 'अ' आहे. पेटी आणि 'अ' एकाच यूपीएसवर, 'ब' दुसऱ्या मजल्यावरच्या यूपीएसवर.

तांब्याची_तार

हाच तो खड्डा. 'अ'चा यूपीएस बसला की पेटीही बसते, रिले पोर्ट १ वर पडतात आणि लाईन मेलेल्या 'अ'ला चिकटते. 'ब' जिवंत, मास्टर, स्क्रिप्ट पेटीला हाका मारतेय आणि ऐकायला कुणी नाही. केबलींची अदलाबदल करा: पोर्ट १ ला 'ब', पोर्ट २ ला 'अ'. रोजच्या दिवशी रिले वीज खात 'अ'कडे धरून ठेवतील, वीज गेली की आपोआप 'ब'कडे पडतील. स्क्रिप्टमधले पोर्ट नंबरही बदला. चाचणीत तुम्ही फक्त सर्व्हरची वीज काढली होती, पुढच्या वेळी अख्खा यूपीएस बंद करून बघा.

लॅचिंग रिलेची पेटी असती तर वेगळा विचार करावा लागला असता, ती जिथे आहे तिथेच राहते.

आणि वळवाचं म्हणाल तर ही पेटी आकाशातल्या विजेपासून काही वाचवत नाही. कंपनीकडून आता फायबर येतंय, त्यामुळे बाहेरून तांब्यावर येणारा झटका गेला. तरी मक्स, पेटी आणि दोन्ही रॅक एकाच अर्थिंगला आहेत का ते तपासा, 'ब' वेगळ्या मजल्यावर आहे म्हणून विचारतो.

करवीरकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री कंपनीचा माणूस फोनवर घेऊन बदल केले. रिसेटइंटरव्हल ३६००, मोठा जी, दोन्हीकडे बॅकअप आणि नोप्रीएम्प्ट, वॉचडॉग बंद, थेट केबल, पोर्टची अदलाबदल. मुद्दाम काही कॉल चालू ठेवले, त्यातला एक रेकॉर्डेड मेन्यूवर, आणि 'अ'चा यूपीएस बंद केला. रिले 'ब'वर पडले, डी चॅनेल वर आलं, थोड्याच वेळात रिस्टार्ट जायला लागले आणि प्रत्येकाची पोच आली. मेन्यूवाला कॉलही सुटला. त्यानंतर लावलेला एकही कॉल ४४ ने पडला नाही. 'अ' परत चालू केला, लाईन हलली नाही. अर्थिंगचं काम इलेक्ट्रिशियन शनिवारी बघणार आहे.

एकच राहिलं: चालू असलेले कॉल कापले जातात ते जातातच. त्याला काही?

जुना_खांब

नाही. दोन स्वतंत्र सर्व्हर आणि मध्ये रिले या मांडणीत चालू कॉल वाचत नाही. मोठ्या एक्स्चेंजमध्ये दोन प्रोसेसर कॉलची स्थिती एकमेकांना सतत कळवत असतात, म्हणून तिथे जमतं. त्याच्यामागे लागू नका.

रेवा

कॉल वाचणार नाही, पण कुणाचा कापला ते कळू शकतं. सीडीआरवर (ॲस्टरिस्कच्या कॉल-नोंदींवर) विसंबू नका, त्याची नोंद कॉल संपल्यावर लिहिली जाते आणि 'अ' मेला तेव्हा ते कॉल संपलेच नव्हते. त्याऐवजी सीईएल (कॉलमधल्या घटनांची नोंद) चालू करा. त्यात कॉल सुरू झाला, उचलला, ठेवला अशी प्रत्येक घटना त्या-त्या क्षणी लिहिली जाते. तो डेटाबेस दोन्ही सर्व्हरबाहेर, तिसऱ्या मशीनवर ठेवा. 'ब' मास्टर झाला की स्क्रिप्टने एक क्वेरी मारायची: सुरुवात आहे पण शेवट नाही असे कॉल. त्यातले कॅज्युअल्टी आणि ॲम्ब्युलन्सचे नंबर थेट तिथल्या संगणकावर पाठवा, सिस्टर परत फोन लावतील.

करवीरकर

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. डेटाबेससाठी जुनं मशीन पडून आहे, क्वेरी लिहून झाली की इथेच टाकतो. कॉलरचा नंबर लपवलेला असेल तेवढे सुटतील, पण ते फार नसतात.