अनुभव धागा: नमुने जगभरचे, काम गल्लीतलं. सीमाभागातले डिझायनर प्रेरणा कुठून घेतात, कुणाला विचारतात?

धागाकर्ती
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात ग्राफिक डिझाईन करणाऱ्यांची अडचण सारखीच आहे. बघायला मिळतात ते नमुने रोमन अक्षरांतले, आणि करायचं असतं मराठी-कन्नड काम. पिंटरेस्ट, बिहान्स, ड्रिबल या डिझाईनचे नमुने दाखवणाऱ्या साइट सगळेच चाळतात. त्यातलं काय उचलता, काय सोडता, काम दाखवायचं झालं तर कुणाला दाखवता, आणि नेमकं कुठे फसतं? आत्मचरित्र नको, कृती लिहा. मापं, सेटिंग, फाईलचा प्रकार, सगळं चालेल.

शहापूरची_रेघ
अक्षरं सोडायची, मांडणी उचलायची. नमुन्याचं चित्र फाईलमध्ये घ्या, फिकट करून लॉक करा. त्यावर साधे राखाडी चौकोन काढा: शीर्षक, फोटो, बारीक मजकूर आणि मोकळी जागासुद्धा. सहापेक्षा जास्त चौकोन लागले तर तो नमुना सोडा, आपल्या कामात तो उतरणार नाही. मग खालचं चित्र पुसून टाका आणि चौकोनांत गिऱ्हाइकाचा खराच मजकूर ओता. ‘येथे शीर्षक येईल’ असला खोटा मजकूर घालून सुंदर दिसलेली मांडणी ‘विद्यार्थी गुणगौरव व बक्षीस वितरण समारंभ’ आला की कोसळते.

मोडतं ते दोन ठिकाणी. इंग्रजी पोस्टरांत सगळी मोठी लिपी (कॅपिटल) आणि अक्षरांमध्ये ऐसपैस फट असते. देवनागरीत मोठी लिपी नाही, आणि ट्रॅकिंग (अक्षरांमधली फट) वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ट्रॅकिंग शून्यच ठेवा. हवा हवी असेल तर शब्दांमधलं अंतर वाढवा किंवा वजनाने हलका फाँट घ्या. दुसरं ओळींचं अंतर. रोमन शीर्षक अक्षराच्या मापाच्या ९०-१०० टक्के लीडिंगवर (ओळींच्या अंतरावर) खपून जातं. आपल्याकडे वरच्या ओळीत ‘मातृभूमी’ आणि खालच्या ओळीत ‘विद्यार्थ्यांची’ टाकून बघा: वरचा ऊकार आणि खालचा रफार एकमेकांच्या डोक्यात जातात. शीर्षकाला १३० टक्क्यांपासून सुरुवात करा, सलग मजकुराला १५०.

कॅम्पातला_पेन
शोधायचं कसं, हे सांगतो. पिंटरेस्टवर ‘पोस्टर डिझाईन’ टाकलं की तेच ते गुळगुळीत येतं. ‘मराठी सुलेखन’, ‘अक्षरलेखन’, ‘देवनागरी लेटरिंग’ हे देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये एकदा शोधा; निकाल वेगळे येतात. कन्नड लिपीत टाईप करूनही शोधा, कन्नड अक्षरकाम बघायची सवय आपल्या लोकांना नाही आणि त्याची किंमत बोर्डावर दिसते. अक्षरांचं शिक्षण हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसीचं ‘डी’सोर्स’ फुकट आहे. छापील जुनं बघायचं तर इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं आहेत. मुखपृष्ठापेक्षा आतलं नामपृष्ठ बघा, तिथे मांडणीचा खरा कस लागतो.

पिंटरेस्टवरच्या चित्राचा धनी बहुतेक वेळा हरवलेला असतो. चित्र टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साइटवर टाका आणि ‘सर्वांत जुनं’ असा क्रम लावा, किंवा गूगल लेन्स वापरा. मूळ पान सापडलं की त्या माणसाची बाकीची वीस कामं दिसतात. एका सुट्या चित्रापेक्षा ती वीस जास्त शिकवतात.

संकेश्वर_फ्लेक्स
हे सगळं छान आहे हो. पण मंडळाच्या फ्लेक्सवर चाळीस फोटो बसवायचे असतात, त्याचा नमुना बिहान्सवर कुठे आहे?

निपाणी_डीटीपी
आहे की! ‘पोस्टर’मध्ये शोधू नका. खेळाच्या संघाची पोस्टरं आणि शाळांच्या वार्षिकांकांतली वर्गाची पानं बघा. पुष्कळ चेहरे सारख्या मानाने कसे बसवायचे, हा प्रश्न त्यांनी कधीच सोडवलाय.

आता हिशेब. फ्लेक्स १० × ८ फूट, म्हणजे १२० × ९६ इंच. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडले की ११६ उरतात. चाळीस फोटो दोन रांगांत, म्हणजे एका रांगेत वीस, प्रत्येकाच्या वाट्याला ५.८ इंच. फाईल पूर्ण मापात ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) केली (८६४० × ६९१२ पिक्सेल) तर एका फोटोला साधारण ४१८ पिक्सेल पुरतात. एकट्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला तरी चालतो. चालत नाही तो लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला चेहरा. तो साठ पिक्सेलचा असतो आणि फ्लेक्सवर वाटाण्यासारखा दिसतो. त्यामुळे सगळ्यांकडे ‘ओरिजिनल’ मागत बसू नका, ‘एकट्याचा, छातीपर्यंतचा, डॉक्युमेंट म्हणून’ एवढंच मागा.

बसवताना दोन गाईड आडव्या टाका: एक डोळ्यांची, एक हनुवटीची. सगळे चेहरे या दोन रेषांवर आणा. फोटोची चौकट सारखी असण्यापेक्षा डोकी सारखी दिसणं महत्त्वाचं. मागची पार्श्वभूमी काढून सगळ्यांना एकच सपाट रंग द्या. नावाचं अक्षर इंचभर असेल तर दहा फुटांवरून नीट वाचता येतं, त्याहून बारीक नाव घालून उपयोग नाही. आणि नावांचा क्रम मंडळाकडून लेखी घ्या. तोंडी घेतलेल्या क्रमावर फ्लेक्स लागला की संध्याकाळी दुकानात गर्दी जमते.

खानापूर_अक्षर
दोन लिप्या एकत्र बसवायच्या असतील तर फाँटचं कुटुंब एकच घ्या. गूगल फाँट्सवर ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचं ‘अनेक’ आहे: अनेक देवनागरी आणि अनेक कन्नड एकाच हाताने काढल्यासारखे दिसतात, वजनं जुळतात आणि रुंदी ७५ ते १२५ टक्के बदलता येते. ‘बलू २’ देवनागरीला आणि ‘बलू तम्मा २’ कन्नडला, ही जोडी मिठाईचं दुकान, बालवाडी असल्या कामांना. नोटो सान्सची जोडी कुठेही चालते, पण चेहरा म्हणून लक्षात राहत नाही.

कर्नाटकात व्यावसायिक फलकावर कन्नड भाषेच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर ६० टक्के कन्नड हवं आणि ते वरच्या भागात. १० × ४ फुटांच्या बोर्डावर वरचे २.४ फूट, म्हणजे जवळपास २९ इंच, पूर्ण रुंदीने कन्नडला धरा. खाली १९ इंच उरतात, त्यात मराठी नाव, इंग्रजी नाव आणि फोन. घाबरू नका, देवनागरीच्या बाजूने एक गोष्ट आहे. शिरोरेषा. कन्नड अक्षरं वाटोळी, सुटी. त्यांच्या खाली मराठी नावाची सलग रेघ आली की ती आपोआप दुभाजक होते. वेगळी पट्टी, वेगळा रंग लागत नाही. पट्टी घातली की उलट मराठी पायदळी गेल्यासारखी वाटते. फक्त कन्नडची ओत्तक्षरं (जोडाक्षरातलं खाली लागणारं अक्षर) खाली लोंबतात, त्यांच्या टोकापासून शिरोरेषेपर्यंत किमान दोन इंच मोकळे ठेवा. कन्नड नाव लांब झालं तर अक्षरं दाबून बारीक करू नका, ‘अनेक’ची अरुंद शैली लावा. दाबलेल्या अक्षराच्या उभ्या रेघा बारीक आणि आडव्या जाड राहतात, लांबून लगेच कळतं.

चिकोडी_४३
वरच्यात भर. ‘अनेक’ची व्हेरिएबल फाईल (एकाच फाईलमध्ये सगळी वजनं-रुंद्या) जुन्या कोरलड्रॉमध्ये चालत नाही, ती सोय कोरल २०२० पासून आली. डाऊनलोडच्या झिपमध्ये ‘स्टॅटिक’ नावाचा फोल्डर असतो, त्यातले फाँट टाका.

इलस्ट्रेटरमध्ये ‘कि’ची वेलांटी उलट्या बाजूला पडली, जोडाक्षर हलन्तासकट सुटं झालं, तर फाँटला शिव्या देऊ नका. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. भाषा मराठी ठेवा. काही फाँटांत भाषा मराठी केली की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदीचे. सलग मजकुराला ‘टिरो देवनागरी मराठी’ घेतलात तर ही रूपं मुळातच आहेत. ‘दऱ्या’, ‘गिऱ्हाईक’ यातला र साध्या ‘र’ला हलन्त देऊन लिहिला की ‘दर्या’ होतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘J’ची कळ दाबा, मग हलन्त, मग य किंवा ह.

शहापूरची_रेघ
आणि बाहेरची रेघ देताना! नमुन्यात जाड पांढरी कड छान दिसते, आपण मराठी शीर्षकाला दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषेत उभी चीर दिसते. अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात म्हणून. अक्षरं कर्व्ह करा (मजकुराचे आकार करा), मग कोरलमध्ये वेल्ड किंवा इलस्ट्रेटरमध्ये युनाइट, मग कड द्या. रेडियम कटिंगला तर हे सक्तीचंच. नाहीतर प्लॉटर त्या चिरांवरसुद्धा सुरी फिरवतो आणि शब्द सोलताना हातात तुकडे येतात.

अथणी_रंगपेटी
कुणाला विचारायचं, यावर. रेडिटवरच्या ग्राफिक डिझाईनवाल्यांना देवनागरी वाचता येत नाही, आणि हाच त्यांचा फायदा. त्यांना विचारा: ‘या पोस्टरमध्ये तुमची नजर पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कुठे गेली?’ ते नुसते आकार बघून सांगतात. त्यांनी पहिलं बोट प्रायोजकाच्या लोगोवर ठेवलं तर समजा शीर्षक दुबळं आहे. आपल्या ग्रुपमध्ये विचारलं की लोक आधी मजकूर वाचतात, शुद्धलेखन काढतात आणि मांडणी राहून जाते. शुद्धलेखन काढणं वाईट नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे, दुसऱ्या दिवशी विचारा.

विचारताना चार ओळी लिहाव्या लागतात: छापायचं माप, किती अंतरावरून बघणार, गिऱ्हाइकाने सक्तीचं काय सांगितलंय, आणि तुमचा नेमका प्रश्न. ‘कसं वाटलं?’ला ‘मस्त दादा’ एवढंच उत्तर येतं. पर्याय दोनच टाका. पाच टाकले की लोक मतदान करतात, विचार करत नाहीत. सोबत तेच काम काळ्या-पांढऱ्यात आणि बोटाच्या पेराएवढं लहान करून जोडा. रंगाने झाकलेला दोष तिथे उघडा पडतो.

फाँट ओळखायला द्यायचा असेल तर फोटो समोरून, सरळ काढा आणि अ, झ, ण, ल, श, ५, ८ यांपैकी जितकी सापडतील तितकी दाखवा. ‘क’ आणि ‘म’वरून कुणालाच काही सांगता येत नाही.

निपाणी_डीटीपी
फुकटच्या टेम्पलेटबद्दलही कुणीतरी लिहा. निपाणीत आणि कागलात एकाच वाढदिवसाची दोन बॅनर, फक्त फोटो वेगळा.

कॅम्पातला_पेन
फ्रीपिक या तयार चित्रांच्या साइटवर फुकट खात्यावरच्या चित्राला श्रेय देणं बंधनकारक आहे, आणि फ्लेक्सवर ते कुणी देत नाही. तिथलं किंवा कॅनव्हातलं तयार चित्र लोगो म्हणून विकू नका. गिऱ्हाईक ट्रेडमार्क करायला गेलं की अडकतं, कारण तेच चित्र आणखी हजारो लोकांकडे आहे. गूगल फाँट्सवरचे ओएफएल या खुल्या परवान्याचे फाँट मात्र धंद्यात बिनधास्त वापरा, फाँट तेवढा सुटा विकायचा नाही. शिवजयंतीला महाराजांचं एखाद्या आजच्या चित्रकाराचं चित्र उतरवून घेतात, तेही चुकीचंच: चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. विकिमीडिया कॉमन्सवर चांगल्या मोठ्या मापात मिळतात.

संकेश्वर_फ्लेक्स
रंगाचं मी सांगतो, मशीन माझ्यापुढेच चालतंय. ड्रिबलवरचा निऑन हिरवा आणि विजेसारखा निळा फ्लेक्सवर येत नाही, तो पडद्याचा उजेड आहे, शाईत नसतो. फाईल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया) करा, शेवटी बदलली की रंग मेल्यासारखा दिसतो आणि दोष आमच्यावर येतो. निळ्यात सायन १०० आणि मजेंटा १०० टाकलं की जांभळा छापतो. मजेंटा सायनपेक्षा तीस तरी कमी ठेवा. भगव्याला मजेंटा ६० ते ६५, यलो १००. सत्तरच्या वर गेलात की मिरवणुकीत तो लाल दिसतो, मग ऐकून घ्यावं लागतं. मोठ्या कामाआधी एक फूट पट्टी छापून उन्हात धरून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं.

खानापूर_अक्षर
काम वर टाकायचं असेल तर: बिहान्सला १४०० पिक्सेल रुंद चित्रं, मुखचित्र ८०८ × ६३२. ड्रिबलला १६०० × १२००. इन्स्टाग्रामला १०८० × १३५०. प्रोफाइलची जाळी आता उभी ३:४ आहे, त्यामुळे जुन्या चौकोनी पोस्टांच्या कडा कापल्या जातात. शीर्षक मराठीतही द्या आणि रोमनमध्येही, आणि मजकुराचा अर्थ एका ओळीत सांगा, नाहीतर बाहेरचा माणूस पुढे सरकतो. मॉकअपपेक्षा (संगणकावर केलेल्या देखाव्यापेक्षा) गल्लीत लागलेल्या फ्लेक्सचा खरा फोटो टाका, वायरीबियरी दिसू द्यात.

सरावाला ‘३६ डेज ऑफ टाइप’ हा रोज एक अक्षर काढायचा उपक्रम घ्या. ए ते झेड आणि दहा अंक मिळून छत्तीस. आपण अ ते ज्ञ आणि ० ते ९ करायला गेलो की दिवस पुरत नाहीत, म्हणून स्वर आणि अंक दोन्ही वगळा नाहीतर उशिरापर्यंत जागा. आणि फोन घेऊन जुन्या गल्ल्यांतून फिरा. रंगाऱ्यांनी हाताने रंगवलेले बोर्ड अजून आहेत. समोरच्या कडेला उभं राहून, सरळ, सकाळच्या उन्हात फोटो काढा आणि फाईलला गल्लीचं नाव द्या. ‘इंडिया स्ट्रीट लेटरिंग’ आणि ‘हँडपेंटेड टाइप’ या उपक्रमांनी हेच काम देशभर केलंय, मांडणी कशी करायची ते तिथे बघा.

नवा_सभासद_गोकाक
कन्नड वाचता येत नसेल तर तपासायचं कसं? गिऱ्हाईक कागदावर लिहून फोटो पाठवतं.

चिकोडी_४३
फोटो नको. त्यालाच त्याच्या फोनवर कन्नडमध्ये टाईप करून पाठवायला सांगा, तो मजकूर तसाच चिकटवा. नुडी या कन्नड टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली फाईल दिली तर युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल, थेट चिकटवली तर रोमन अक्षरांचा कचरा होतो. बदलल्यावर ओत्तक्षरं आधी बघायची, चुकतात ती तिथेच. शेवटी कर्व्ह केलेली पीडीएफ त्यालाच पाठवून ‘बरोबर आहे’ असं लेखी घ्या. जेपीजी पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅप ती दाबतं, आणि झूम केल्यावर नेमकं खालचं ओत्तक्षरच पुसट होतं.