अनुभव धागा: स्वतःशी दयेने वागणे आपल्या विश्वासात बसते का?

जालना (धागा सुरू करताना): गेल्या उपवासकाळात आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला सभेत एक प्रश्न निघाला आणि अर्धवटच राहिला. दुसऱ्याच्या चुकीला आपण "प्रभू क्षमा करील" असे सहज म्हणतो; तेच स्वतःला सांगताना जीभ का अडखळते? आपल्या भागात एकेका गावात ख्रिस्ती घरे चार-दोन, त्यामुळे लोक आपल्याकडे पाहून ख्रिस्ताला जोखतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या साक्षीच्या ओझ्याखाली माणूस स्वतःवरच पहारा ठेवू लागतो, असे मला वाटते. सर्वांनी आपले अनुभव लिहावेत. सुरुवात मी करते.

माझी आई चौदा महिने अंथरुणावर होती. एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मी तिच्यावर ओरडले, आणि पुढच्याच महिन्यात ती प्रभूत निजली. त्यानंतर जवळपास वर्षभर प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर घेण्याच्या विधीच्या) रविवारी मी काहीतरी निमित्त काढून मागच्या बाकावरून उठून जात असे, कारण अयोग्य रीतीने ती भाकर खाणारा दोषी ठरतो, असे प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात जे लिहिले आहे, ते मला तोंडपाठ होते. आमच्या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) मला त्याच अध्यायातील २८ वे वचन मोठ्याने वाचायला लावले: माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. "परीक्षा करून उठून जावे, असे त्यात कुठे आहे?" एवढेच त्यांनी विचारले. परीक्षा मी केली होती. निकालही माझा मीच लावून टाकला होता.

परभणी, मंडळीतील एक वडील (एल्डर): मला हा विषय पूर्णपणे पटत नाही, हे आधीच सांगतो. स्वतःवर प्रीती करा अशी वेगळी आज्ञा शास्त्रात नाही. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' या आज्ञेत ती माप म्हणून गृहीत धरलेली आहे. शेवटल्या काळी माणसे स्वतःवरच प्रेम करणारी होतील, असा इशारा पौलाने तीमथ्याला दिला आहे. तरीही पेत्राचा प्रसंग मला आडवा येतो. येशूला ओळखतच नाही असे तीन वेळा म्हणणाऱ्या त्या शिष्याला प्रभूने "माझ्यावर प्रीती करतोस काय?" असा प्रश्न तीनदा विचारला खरा, पण त्याआधी निखाऱ्यावर मासळी भाजून त्याला न्याहारी दिली. या क्रमाचा मी अजून विचार करतो आहे.

लातूर जिल्हा, शेतकरी: परभणीच्या वडिलांनी न्याहारीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मी ठाम होतो. टँकरच्या रांगेत उभा राहून इतरांना धीर देत होतो. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला, मांजरा धरण भरले, आणि नेमका तेव्हाच मी खचलो. सकाळी उठवत नसे. दोन वर्षे दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) मंडळीला देता आला नव्हता, त्याचीही लाज होती, आणि देवाने पाऊस देऊनही आपण आनंद मानत नाही, हे तर मला सरळसरळ पाप वाटे.

पुढे बायबलमधील १ राजे, अध्याय १९ वाचताना लक्षात आले की संदेष्टा एलीयाही दुष्काळात नव्हे, तर कर्मेल डोंगरावरचा विजय आणि पाऊस झाल्यानंतर झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला दटावत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. "तू येथे काय करीत आहेस?" हा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर येतो. मी पत्नीला सर्व सांगितले आणि आम्ही दवाखान्यात गेलो. तोपर्यंत औषध घेणे म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास, असे मी मानत होतो. (हे मानणारे आमच्याकडे आजही पुष्कळ आहेत.)

छत्रपती संभाजीनगर, परिचारिका: मी कॅथॉलिक आहे. पापनिवेदनात (फादरांपुढे पापांची कबुली देताना) एकच गोष्ट महिनोनमहिने सांगत होते: कोविडच्या दुसऱ्या लाटेत एका रुग्णाची हाक ऐकूनही मी दुसऱ्या खाटेकडे वळले. एकदा फादर म्हणाले, "याची क्षमा तुला मिळालेली आहे, आता हे पुन्हा सांगायला येऊ नकोस." प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मला त्या रुग्णासाठी आणि त्या रात्रीच्या परिचारिकेसाठी एकेक 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणायला सांगितले. पहिली म्हणून झाली. दुसरीच्या वेळी आवाज फुटेना, तेव्हा ती मी मनातल्या मनात म्हटली.