स्प्रिंगांइतकाच तोलही महत्त्वाचा

स्टेडीकॅम म्हणजे चालता-धावतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारं, अंगावर बांधायचं उपकरण. त्याचं सगळं श्रेय स्प्रिंगांना दिलं जातं, त्यात थोडी भर. चालताना बसणारे वर-खाली हिसके कॅमेरा पेलणारा स्प्रिंगांचा यांत्रिक हात गिळतो, हे खरंच. पण स्टेडीकॅम शोधणाऱ्या गॅरेट ब्राऊन यांची खरी कमाल मला तोलात दिसते. त्यांनी कॅमेरा दांड्याच्या एका टोकाला बसवला आणि बॅटरी, मॉनिटर दुसऱ्या टोकाला. वजन असं लांब पसरलं की ती वस्तू सहजी कलत नाही, वळत नाही. गुरुत्वमध्याच्या जरासं वर गिंबल, म्हणजे सगळ्या बाजूंना मोकळा फिरणारा सांधा, आणि तिथे चालवणाऱ्याची बोटं अगदी हलकी टेकलेली. घट्ट पकडलं की संपलं, हाताची थरथर थेट चित्रात उतरते! डोळा व्ह्यूफाइंडरला चिकटवायचा नाही, मॉनिटरकडे बघत चालायचं. त्यामुळे डोक्याचा धक्काही लागत नाही.

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवर मैत्रिणीला धावायला लावून त्यांनी नमुन्याचं चित्रण केलं होतं. ते दिग्दर्शक जॉन अ‍ॅविल्डसन यांनी पाहिलं आणि १९७६च्या त्यांच्या 'रॉकी' चित्रपटात त्याच पायऱ्या आल्या.

'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'रिटर्न ऑफ द जेडाय' चित्रपटातल्या सुसाट पाठलागासाठी तर ब्राऊन जंगलातून चक्क पायी चालले. सेकंदाला एक फ्रेमही नाही, इतकं संथ चित्रीकरण. पडद्यावर तेच सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने धावतं आणि झाडं अंगावर येतात. खाचखळग्यांतून पावलं टाकताना कॅमेऱ्याची रेघ जराही ढळू द्यायची नाही... तो प्रसंग मी अजूनही थांबवून थांबवून बघते.