कारवानी कुत्रं बदलत्या रानाला जुळवून घेतं का?

माळकरी: परवा पारावर एकजण कारवानीबद्दल, म्हणजे नजरेवर शिकार करणाऱ्या आपल्या देशी कुत्र्याबद्दल, म्हणाला, "कारवानी म्हणजे नुसते डोळे आणि पाय. समोर दिसेल त्याच्यामागं पळणार, बाकी अक्कल नाही." मला हे मुळीच पटत नाही. आमच्या करमाळ्याकडं पूर्वी नजर पोचेल तिथवर ज्वारी नाहीतर पडीक माळ. 1980 च्या सुमारास उजनी धरण झालं आणि हळूहळू ऊस आला. पुरुषभर उंचीच्या उसात नजरेवर पळणाऱ्या कुत्र्यानं करायचं काय? आमची काळी कुत्री पहिले काही महिने नुसती गांगरायची. आता बांधावर मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि उसाचे शेंडे कुठं हलतात ते बघते. डुक्कर आत शिरलं की ती फडात घुसत नाही, वळसा घालून पाणंदीच्या तोंडाशी थांबते. कुणी शिकवलं तिला?

बांधावरचा: दादा, कुत्री गुणी आहे. पण माझ्या वडिलांनी सावजाचा पाठलाग सोडून वाट अडवायला आडवं जाणारं कुत्रं कधी पैदाशीला ठेवलं नाही. त्यांच्या लेखी ते बिघडलेलं. आणि डोकं बदललं तरी अंग बदलत नाही. खोल छाती, बारीक कंबर, भरधाव असताना एका ढांगेत दोनदा चारही पाय हवेत. त्या वेगात काटेरी तार दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या कुत्र्याला छातीवर 14 टाके पडले. त्याचा भाऊ तर शेततळ्यात बुडून गेला. काठाला प्लॅस्टिकचा कागद, नख्या रुतत नाहीत. सकाळी कागदावर ओरखडेच ओरखडे होते. जुळवून घेतं म्हणताना हेही मोजा.

दहिवर: नाकाचं कुणीच बोलत नाही! कारवानीलाही नाक असतं. पहाटे दव असताना, हवा गार असताना वास जमिनीलगत टिकतो, तेव्हा आमचा कुत्रा मान खाली घालून चालतो. दुपारी जमीन तापते आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला हुंगताही येत नाही, मग तो डोळ्यांवर येतो. एकच कुत्रा, एकाच दिवसात. बांधावरचे, याला बिघडणं म्हणणार का?

बांधावरचा: नाही म्हणणार. पण 1972 च्या कायद्यानं शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. आता लोक पिल्लू घेतात ते शर्यतीसाठी, नाहीतर दिसायला ऐटबाज म्हणून. डोकं बघून पैदास करतो कोण? चार पिढ्यांनी हे शहाणपण उरेल का?

माळकरी: राखणीला ठेवणारे डोकंच बघतात, मी तरी बघतो. कारवानीच्या जवळच्याच जातीचा मुधोळ कुत्रा घ्या, लष्करानं त्याची पिल्लं मेरठला नेऊन शिकवलीच ना? काळीची पिल्लं मी राखणीवाल्यांनाच देणार. शेततळ्याचं मात्र मान्य, मनाला लागलं. कालच काठावरून चार जागी जुनं जाळं आत सोडलं, खाली दगड बांधून, पडलेल्या कुत्र्याला त्यावरून वर चढता यावं म्हणून.

बांधावरचा: किती खोल सोडलंत? उन्हाळ्यात पाणी तळाशी जातं, जाळं तिथवर पोचलं पाहिजे. आमचं वरच राहिलं होतं.