सॅजिटेरियस ए*: ४३ गिगाहर्ट्झवरच्या फिटमधून मूळ आकार कसा काढायचा?

दुर्बीण४३:
सॅजिटेरियस ए*, म्हणजे आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराचा रेडिओ स्रोत. त्याच्या व्हीएलबीए (अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणींचं जाळं) डेटावर लंबवर्तुळी गाउशियन (घंटेच्या आकाराचा तेजाचा ठिपका) बसवला. ०.७१ × ०.४१ मिलिआर्कसेकंद (मास, आर्कसेकंद या कोनाच्या एककाचा हजारावा भाग) आलं, लांब अक्ष जवळपास पूर्व-पश्चिम. वाटेतल्या वायूने रेडिओ लहरी विखुरतात, तो फुगवटा कसा काढायचा? शिवाय गेन (प्रत्येक अँटेना सिग्नल किती वाढवते-घटवते तो गुणक) सुधारले की आकडा हलतो.

लंबवर्तुळ:
सरळ वजाबाकी नको, वर्गांची करा. विखुरण तरंगलांबीच्या वर्गाने वाढतं: लांब अक्षावर १.३८, आखूड अक्षावर ०.७० मास, गुणिले सेंटिमीटरमधल्या तरंगलांबीचा वर्ग. तुमची ०.६९५ सेंमी, म्हणजे विखुरण ०.६७ आणि ०.३४. लांब अक्ष: ०.७१² − ०.६७², मूळ साधारण ०.२४ मास. आखूड अक्षावर ०.२३. म्हणजे दिसणारा लांबटपणा बहुतेक विखुरणाचाच. कृष्णविवराची श्वार्झशिल्ड त्रिज्या इथून ०.०१ मास दिसते, त्यावरून अंदाज घ्या.

गोम अशी की ०.७१ मधली २ टक्के (०.०१४ मास) चूक ०.२४ मध्ये मासच्या हिशेबाने जवळपास तिप्पट (०.०४२) होऊन येते, म्हणजे ०.२४ च्या १७ टक्के!

क्लोजर_चौकडी:
आकडा हलतो तो गेनमुळेच. स्रोत खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला, −२९ अंशांवर आहे; व्हीएलबीएच्या उत्तरेकडच्या ब्रूस्टर स्टेशनहून तो क्षितिजापासून १३ अंशांच्या वर चढतच नाही. एवढ्या जाड वातावरणातून ॲम्प्लिट्यूड (सिग्नलची उंची) पडतं, आणि लांब बेसलाइनवर (दोन अँटेनांमधलं अंतर) पडलेलं ॲम्प्लिट्यूड फिटला 'स्रोत मोठा आहे' असंच वाटतं. सेल्फ-कॅलिब्रेशनही (त्याच डेटावरून गेन सुधारणं) आधी धरलेल्या मॉडेलकडे ओढतं.

त्यापेक्षा क्लोजर ॲम्प्लिट्यूडवर फिट करा. चार अँटेनांच्या बेसलाइनवरच्या ॲम्प्लिट्यूडचं गुणोत्तर घेतलं की स्टेशनचे गेन उडतात. ८ अँटेना असतील तर दर क्षणी २० स्वतंत्र गुणोत्तरं मिळतात. एकूण तीव्रता मात्र यातून कळत नाही, आकारासाठी ती लागतही नाही. क्षीण सिग्नलच्या बेसलाइन आधी काढा. छेदात नॉइज आला की गुणोत्तर एका बाजूला झुकतं. आखूड अक्षावर फार विसंबू नका, उत्तर-दक्षिण बेसलाइन तोकड्या पडतात.

दुर्बीण४३:
पटलं. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीवर हे जमेल का?

लंबवर्तुळ:
आकार नाही. २५ किमीच्या बेसलाइनवर १.४ गिगाहर्ट्झला बीम (दुर्बिणीला वेगळा दिसणारा सर्वांत लहान ठिपका) साधारण २ आर्कसेकंद, विखुरलेली प्रतिमाच ०.६ ची. ५८० मेगाहर्ट्झवर प्रतिमा ३.७ आर्कसेकंदांपर्यंत फुगते, पण मूळ आकार त्यात पार बुडतो. तिथे तीव्रता मोजायची. आकार हवा तर ३.५ मिमीकडे जा: विखुरण ०.१७ मासवर उतरतं, म्हणून वजाबाकीत हातात बरंच उरतं.