चिअरच्या मोठ्या स्पर्धांना मुलांबरोबर जाताना : आईबाबांचे अनुभव (आणि एका आजींचेही)

नमस्कार मंडळी,

माझी लेक आठ वर्षांची असताना चिअर जिममध्ये, म्हणजे स्पर्धेचं चिअरलीडिंग शिकवतात तिथे, जायला लागली. आता तिला तेरावं चालू आहे. गेल्या महिन्यात न्यू जर्सीतल्याच दोन मराठी घरांतून फोन आले, "आमची यंदा पहिल्यांदा डॅलसला चाललीये, काय काय लागतं गं?" दोघींनाही तासभर तेच ते सांगितलं आणि वाटलं, हे लिहूनच ठेवायला हवं. अरंगेत्रमच्या वेळी दहा घरांतून सल्ला मिळतो. चिअरचं सांगणारं आपल्यात अजून कुणी नाही. म्हणून हा धागा. तुम्ही जे भोगलंत, जे शिकलात ते जसं आठवेल तसं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. रूटीन, म्हणजे संघाने मॅटवर सादर करायच्या कोलांट्या, थर आणि नाच, असतं अडीच मिनिटांचं. त्या अडीच मिनिटांसाठी वर्षभर सराव, आणि फेब्रुवारीच्या शेवटी डॅलसच्या के बेली हचिसन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये एनसीएची (नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन) राष्ट्रीय स्पर्धा. जिंकणाऱ्या मुलींना जॅकेट मिळतं, आणि ते जॅकेट मुलींच्या स्वप्नात येतं, अक्षरशः. पहिल्या वर्षी सुट्टी वाचवायची म्हणून आम्ही शुक्रवारी दुपारचं विमान घेतलं. नूअर्कला बर्फ सुरू झालं, विमान रद्द. दुसरं मिळालं ते फिरून जाणारं. पहाटे दोनला हॉटेलात पोचलो, साडेपाचला उठून केस, मेकअप, आणि आठला पोरगी मॅटवर. शेवटच्या टम्बलिंगला, म्हणजे कोलांटीला, तिचा हात टेकला. ती मला काही बोलली नाही, पण विमानाचा दिवस मी निवडला होता, तिने नाही. तेव्हापासून एक पूर्ण दिवस मोकळा ठेवूनच निघतो. हिवाळ्यात उत्तरेकडून निघणाऱ्यांनी यात काटकसर करू नये, मग ती एका रात्रीच्या हॉटेलची का असेना.

आणि युनिफॉर्म, पांढरे चिअर शूज आणि बो (केसांतली मोठी रिबीन) कायम हातातल्या बॅगेत. आमच्या संघातल्या एका मुलीची मोठी बॅग दुसऱ्याच गावी गेली होती. शूज उसने मिळतात, युनिफॉर्म कुठून आणणार?

ह्यूस्टनचे बाबा

ताई, छान केलंत. आम्ही गाडीने जातो, चार तासांचा रस्ता. त्यामुळे विमानाची काळजी नाही, पण डॅलसमध्ये पार्किंगने दोन वेळा रडवलं आहे. सकाळी सातला सगळ्या गाड्या एकाच वेळी येतात. मुलीच्या हजेरीला दहा मिनिटं उरलेली आणि आम्ही लॉटच्या रांगेत. शेवटी बायको तिला घेऊन उतरली आणि दोघी अर्धा मैल धावल्या. पुढच्या वर्षी गाडी हॉटेलातच ठेवली आणि लोकल रेल्वेने गेलो. डार्टच्या, म्हणजे त्या लोकलच्या, लाल आणि निळ्या मार्गाचं स्टेशन सेंटरलाच आहे. जाण्याआधी गाड्या कशा चालू आहेत ते एकदा बघून घ्या.

आत गेल्यावर काय होतं ते नवीन पालकांना आधी सांगितलं पाहिजे. एकाच वेळी अनेक हॉलमध्ये स्पर्धा चालू असते. आपला हॉल कोणता हे आदल्या रात्री नकाशावर बघून ठेवा. मूल एकदा कोचच्या ताब्यात दिलं की दिलं. वॉर्म-अपला पालकांना प्रवेश नसतो. तिथून पुढे "पाणी प्यायलीस का" हेसुद्धा विचारता येत नाही, म्हणून जे द्यायचं ते हजेरीच्या जागेपर्यंत देऊन टाका.

मॅटसमोरच्या काही रांगा ज्या संघाची पाळी आहे त्याच्या पालकांसाठी असतात. आपल्याआधी दोन संघ उरले की तिथे जाऊन उभं राहायचं, आपलं झालं की उठायचं. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. मी मागून, खांबाच्या आडून पाहिलं. घड्याळावरही विसंबू नका, क्रम बघत राहा. कार्यक्रम कधी वीस मिनिटं मागे पडतो, कधी चक्क पुढे सरकतो.

शूटिंग फक्त आपल्या संघाचं. दुसऱ्यांच्या मुलींवर फोन रोखलेला कुणाला आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी तर आता शूटिंगही करत नाही. एकाने करावं, बाकीच्यांनी डोळ्यांनी बघावं असं आमच्या संघाच्या पालकांनी ठरवलं आहे.

अटलांटाची आई

मी दोनच गोष्टी सांगते, पण दोन्ही आपल्या घरांतल्या.

एक, तेल. आमच्याकडे शनिवारची स्पर्धा म्हणजे शुक्रवारी रात्री आईंनी नातीच्या डोक्याला प्रेमाने खोबरेल चोळलं. सकाळी कुरळे करायचं यंत्र फिरवतेय, पाऊण बाटली हेअरस्प्रे संपवला, एक बट टिकेना! संघातल्या सगळ्या मुलींची एकसारखी केशरचना आणि आमचीच्या डोक्यावर सरळ झिपऱ्या. शेवटी दुसऱ्या मुलीच्या आईने कोरडा शॅम्पू मारला आणि दोघींनी मिळून कसंबसं जमवलं. आता स्पर्धेच्या आठवड्यात बुधवारनंतर तेल बंद. आपल्या मुलींचे केस दाट आणि लांब. केसांच्या आकड्यांची डबी दुप्पट घ्या, आणि वेळ केशरचनेच्या चार्टवर लिहिलेल्यापेक्षा अर्धा तास जास्त धरा.

दुसरं, दागिने. मॅटवर कुठलाही दागिना चालत नाही. कानातले, चमकी, पारदर्शक प्लॅस्टिकची काडीसुद्धा नाही. मनगटावरचा काळा दोरा, गळ्यातला गणपती, सगळं उतरवायचं. दिवाळीत भारतात जाऊन हौसेनं नाक टोचून आणलेल्या एका मुलीची फेब्रुवारीत फार ओढाताण झाली. छिद्र पुरतं बरं झालेलं नव्हतं, चमकी काढली की बुजायची भीती. टोचायचंच तर मोसम संपल्यावर, मे-जूनमध्ये टोचा. आमच्या लेकीच्या गळ्यातला गणपती आता स्पर्धेच्या दिवशी माझ्या गळ्यात असतो. तिनेच तसं ठरवलं.

नाशिकहून आलेली आजी (सध्या मुक्काम शिकागोजवळ)

मुलींनो, तुम्ही आयांनी लिहिलंत, मी आजी म्हणून लिहिते. टायपिंग नातीने शिकवलंय.

लेकीने फोनवर सांगितलं की नात चिअरलीडिंग करते, तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही. आमच्याकडे हा शब्द आला तो २००८ च्या आयपीएलमधून. सीमारेषेवर नाचणाऱ्या परदेशी मुली, एवढंच डोळ्यांपुढे. जावयांना काही बोलले नाही, लेकीला मात्र बोलले. त्याचं आजही वाईट वाटतं.

मग जानेवारीत इंडियानापोलिसला मला घेऊन गेले. मोठीच्या मोठी स्पर्धा. पहिला संघ आला, आणि चौघी-पाचजणींनी मिळून एका मुलीला खांद्याच्या वर उचललं, तिने एका पायावर उभं राहून दुसरा पाय कानापर्यंत नेला, आणि खालच्या मुलींचे हात जराही हलले नाहीत. मी नाशिकची, दहीहंडीचे थर पाहत वाढले. खालच्या थरात उभं राहणाऱ्याला काय सोसावं लागतं ते मला कुणी शिकवायला नको. माझी नात बेस आहे. म्हणजे उचलणारी. वरची मुलगी डुगडुगली तेव्हा माझ्या नातीने एक पाऊल पुढे टाकून तिला छातीवर झेलली. पडू दिली नाही. मी उठून उभी राहिले होते, मला कळलंही नाही.

इथे थर दोन-अडीचपेक्षा वर चढवू देत नाहीत आणि वयापेक्षा मुलींची तयारी बघून पातळी ठरते, हे जावयांनी समजावलं. ते ऐकून जीव भांड्यात पडला. तेव्हा भारतातल्या आजी-आजोबांना नुसतं फोनवर सांगू नका, एकदा दाखवा.

आता आजी-आजोबांना नेणाऱ्यांसाठी. सेंटरमध्ये चालणं फार. माझे गुडघे दुपारपर्यंत बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी जावयांनी चाकाची खुर्ची मागवली, मला आधी संकोच वाटला, पण त्यामुळेच संध्याकाळचं बक्षीस बघता आलं. इंडियानापोलिसची एक सोय अशी की डझनभर हॉटेलं काचेच्या बंद पुलांनी सेंटरला जोडलेली आहेत. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि मी साध्या स्वेटरवर आत. जमलं तर तसलंच हॉटेल घ्या, जरा महाग पडलं तरी. आवाज प्रचंड असतो. कानात घालायचे बोळे न्या, लहान भावंडांना तर नक्कीच. माझा धाकटा नातू पहिल्या तासात रडून दमला.

खाण्याचं सांगते. आत बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, आणि आत मिळतं ते पिझ्झा, तळलेले बटाटे. मी गुळाच्या दशम्या करून नेल्या होत्या. हॉटेलातून निघताना नातीला एक, परत आल्यावर दोन. तिसऱ्या दिवसापर्यंत मऊ होत्या. संघातल्या दोन गोऱ्या मुलींनी मागून खाल्ल्या.

ऑरलँडोला दोनदा जाऊन आलेले बाबा (नॉर्थ कॅरोलायना)

खर्चाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

मोसमाच्या शेवटी ऑरलँडो. वरच्या पातळीच्या संघांसाठी द चिअरलीडिंग वर्ल्ड्स, ती २००४ पासून, आणि त्याखालच्या पातळ्यांसाठी २०१३ पासून द समिट. दोन्ही डिस्नेच्या क्रीडा संकुलात, एप्रिल-मेमध्ये. तिथे थेट नाव नोंदवता येत नाही. मोसमातल्या एखाद्या स्पर्धेत बिड, म्हणजे तिथलं आमंत्रण, मिळवावी लागते. बिड मिळाली म्हणून सगळे रडत मिठ्या मारत असतात तेव्हा एक प्रश्न कोचला शांतपणे विचारा, खर्चाची बिड आहे की नुसत्या प्रवेशाची? आयोजक खर्च उचलतात ती बिड थोड्याच संघांना मिळते. बाकीच्यांना हाती थोडे आठवडे आणि सगळा खर्च खिशातून. आम्हाला नुसत्या प्रवेशाची मिळाली होती. मी ते तीन दिवसांनी विचारलं, तोवर विमानाचे दर चढले होते. आता ऑक्टोबरपासूनच दर महिन्याला ऑरलँडोच्या नावाने बाजूला टाकतो. बिड नाही मिळाली तर ते पैसे उन्हाळ्यात भारताच्या तिकिटाला.

हॉटेल स्वतःहून बुक करू नका! काही मोठ्या स्पर्धांना आयोजकांच्या यादीतल्याच हॉटेलात राहणं बंधनकारक असतं. पाळलं नाही तर संघाला भुर्दंड बसू शकतो. मी पॉइंट वापरून स्वस्तात खोली घेतली होती, ती सोडावी लागली. आधी जिमचं पत्र वाचा.

आणि डिस्नेची बाग स्पर्धेनंतर. आधी नाही. आमच्या संघातली एक मुलगी आदल्या दिवशी अकरा तास उन्हात चालली आणि सकाळी तिचे पाय उचलत नव्हते. तिथे एप्रिलच्या शेवटी ऊन आपल्या नागपूरसारखं कोरडं नसतं, पण दमट असतं, घामाने मेकअप उतरतो. दुपारी कधी एकदम पाऊसही येतो. बो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

एका मुलाची आई

माझा मुलगा चिअर करतो, वय पंधरा. नातेवाईक काय बोलले ते लिहीत नाही. त्याने स्वतःच शोधून सगळ्यांना सांगितलं की १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात हे सुरू झालं ते जॉनी कॅम्पबेल नावाच्या एका मुलापासून, आणि पुढची कित्येक वर्षं हे मुलांचंच काम होतं. मुलांच्या आईबाबांना एवढंच सांगेन, हॉटेलात खोल्यांची वाटणी होते तेव्हा संघात एकटाच मुलगा असेल तर त्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. तो कुठे कपडे बदलणार, कुणाबरोबर राहणार, हे आपणच आधी विचारावं.

टेक्सासमधली आई, नाव नको

हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते.

गेल्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सरावात माझ्या मुलीच्या डोक्याला वरून येणाऱ्या मुलीचं कोपर लागलं. ती म्हणाली, काही नाही झालं. तासाभराने उजेड सहन होईना, एकच प्रश्न तीनदा विचारला. अनोळखी शहर, रात्रीचे नऊ. विम्याचं कार्ड नवऱ्याकडे आणि तो घरी. इमर्जन्सीत चार तास बसलो. कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा. डॉक्टरांनी दोन शब्दांत सांगितलं, उद्या नाही.

ती मला म्हणाली, "आई, कोचला सांगू नको ना." वर्षभर ती ज्यासाठी राबली ते मीच थांबवलं. रात्री बाराला कोचला फोन केला. सकाळी त्यांनी रूटीन बदललं, एका मुलीने तिची जागा घेतली, आणि माझी मुलगी काळा चष्मा लावून माझ्याशेजारी बसली. संघ मॅटवरून उतरला तेव्हा सगळ्या धावत आधी तिच्याकडे आल्या.

विम्याच्या कार्डाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. उतरल्याबरोबर जवळचं इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल बघून ठेवा. स्पर्धेच्या जागी दुखापत बघणारे अॅथलेटिक ट्रेनर असतात, ते कुठे बसतात ते विचारून घ्या. आणि मूल "काही नाही" म्हणालं तरी तासभर त्याच्याजवळ राहा.

पुण्याहून आत्या

आम्ही इथून बघतो, तेव्हा आमच्यासाठीही दोन ओळी. पैसे भरून थेट प्रक्षेपण दिसतं. खातं आदल्या दिवशी उघडून द्या, ऐन वेळी पासवर्ड शोधताना आमच्या दादांचं अख्खं रूटीन हुकलं. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, दुपारपासून इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. फेब्रुवारीत डॅलसचे सकाळचे आठ म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसात. एप्रिलमध्ये ऑरलँडोचे आठ म्हणजे आमचे साडेपाच. हॉल कोणता तेही कळवा, नाहीतर आम्ही भलत्याच मुलींना टाळ्या वाजवत बसतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. टेक्सासच्या ताई, तुमचं वाचून मी आत्ताच कार्डाचा फोटो काढला. आजी, दशम्यांचं प्रमाण द्याल का? पुढच्या गुरुवारी निघतोय.

नाशिकची आजी

देते की. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी चिरलेला गूळ, दोन चमचे तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ. दूध कोमट करून गॅस बंद केल्यावरच त्यात गूळ विरघळवा, उकळत्यात घातलात तर फाटेल. त्याच दुधात कणीक घट्ट भिजवा, पाण्याचा थेंब नको. जरा जाडच लाटा, मंद आचेवर तूप सोडून भाजा. गरम असताना एकावर एक रचू नका, घाम धरतात. पूर्ण गार झाल्या की कापडात गुंडाळून डब्यात. माणशी सहा धरा, संघातल्या मुली मागतातच.